गोड-खारट पॉपकॉर्न: साखर जळते, मीठ तळाशी जाते आणि दाणे तसेच राहतात, तेव्हा

सोलापुरातल्याच एका भगिनींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलाचा वाढदिवस आहे, तीसेक मुले येणार आहेत आणि बाहेर मिळतात तसे गोड-खारट पॉपकॉर्न त्यांना घरीच करायचे आहेत. आतापर्यंत त्यांनी चार वेळा करून पाहिले. दोन वेळा साखर जळून पातेले काळे झाले, एकदा सगळे मीठ तळाशी राहून वरच्या लाह्या अळणी लागल्या, एकदा लाह्या तासाभरातच मऊ पडल्या आणि प्रत्येक वेळी मूठभर दाणे न फुटताच राहिले. बाजारातली तयार मसाल्याची पाकिटे आणली तर हे सगळे सुटेल का, असे त्या शेवटी विचारतात.

पाकिटांनी ते सुटणार नाही, हे मी सुरुवातीलाच सांगते, कारण अडचण चवीच्या पुडीत नाही. मी गेली १८ वर्षे सोलापुरात घरगुती प्रमाणावर ज्वारीच्या लाह्या आणि पॉपकॉर्न करून शाळांच्या स्नेहसंमेलनांना, वाढदिवसांना आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत काही दुकानांना देते. या काळात ज्या ज्या वेळी माझा घाणा बिघडला, त्या त्या वेळी कारण तीनपैकी एका ठिकाणी सापडले: दाण्यात पाणी कमी होते, फुटताना निघालेली वाफ कोंडून राहिली होती, किंवा तेल-तूप, साखर आणि मीठ यांचा क्रम चुकला होता. आपल्या सगळ्या तक्रारी याच तीन जागांशी जाऊन पोचतात. गोड आणि खारट या दोन चवी लाहीला एकाच रीतीने लागत नाहीत, हे एकदा ध्यानात आले की निम्मे काम होते. गोडी आचेवर वितळून लाहीवर थर धरते. मीठ आचेवर वितळत नाही, तुपात विरघळत नाही, त्यामुळे ते शेवटी, पिठासारखे बारीक होऊन, कशाच्या तरी चिकटपणावर बसावे लागते. दोन्ही एकाच वेळी आणि एकाच रीतीने घालायला गेले की एक जळते आणि दुसरे तळाशी जाते.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून राहतील. आपले पातेले किती जाड आहे, शेगडी गॅसची आहे की इंडक्शनची, दाणे किती जुने आहेत आणि आपण एप्रिलमध्ये करणार आहात की ऑगस्टमध्ये, यांवर मिनिटे आणि चमचे थोडेफार बदलतील. म्हणून पुढे जी मापे देते ती माझ्या गॅसवरची, जाड बुडाच्या पाच लिटरच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यातली आणि १०० ग्रॅम दाण्यांच्या घाण्याची आहेत. पहिला घाणा नेहमी चाचणीचा समजावा आणि त्यावरून आपली मापे बसवून घ्यावीत.

सुरुवात दाण्यापासून करू, कारण तिथे चुकले तर पुढचे काहीही सुधारत नाही. पॉपकॉर्नचा मका वेगळ्या जातीचा असतो. त्याचे टरफल कठीण, अखंड आणि आतला पिठाचा भाग घट्ट असतो. जनावरांसाठी मिळणारा साधा मका किंवा वाळवलेले स्वीट कॉर्न कितीही तापवले तरी असे फुलत नाही. या कठीण टरफलाच्या आत दाण्याच्या वजनाच्या साधारण १३.५ ते १४ टक्के पाणी असावे लागते. दाणा तापला की या पाण्याची वाफ होते, टरफल तिला बाहेर पडू देत नाही, आतले पीठ शिजून मऊ होते, दाब हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट झाला की टरफल फाटते आणि शिजलेले पीठ फेसासारखे पसरून त्याच क्षणी थंड होऊन घट्ट होते. लाही म्हणजे हा थिजलेला फेस. पाणी कमी असेल तर दाब तयार होत नाही आणि दाणा गणंग, म्हणजे न फुटता कडकच, राहतो. टरफलाला चीर गेली असेल तर वाफ हळूहळू निसटते आणि तेव्हाही दाणा गणंगच राहतो.

सोलापूरच्या हवेचा संबंध इथे येतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर राहतो, हवा कोरडी असते, आणि उघड्या बरणीत किंवा अर्धवट बांधलेल्या पिशवीत ठेवलेले दाणे काही आठवड्यांत सुकतात. एका मे महिन्यात उन्हाळी शिबिराच्या मागणीसाठी आणलेले पोते मी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवले होते. तीन आठवड्यांनी काढले तेव्हा प्रत्येक घाण्यात जवळजवळ तिसरा हिस्सा गणंग निघाला. मी आच बदलली, तेल बदलले, पातेले बदलले, आणि दोन दिवस वाया गेल्यावर कारण लक्षात आले. आठवण झाली ती सासूबाईंच्या ज्वारीच्या लाह्यांची. नागपंचमीसाठी लाह्या करायच्या असल्या की त्या आदल्या संध्याकाळी ज्वारीवर गरम पाणी घालून लगेच निथळून घेत आणि ती फडक्यात घट्ट बांधून रात्रभर ठेवत. सकाळी दाणे वरून कोरडे पण आतून ओलसर झालेले असत आणि तापलेल्या कढईत टाकताच फुलत. मक्याचे गणित हेच आहे, फक्त टरफल जाड असल्याने त्याला पाणी प्यायला एका रात्रीऐवजी दोन-तीन दिवस लागतात.

म्हणून आपल्या दाण्यांची परीक्षा आधी करा. १०० दाणे मोजून फोडा आणि किती राहिले ते मोजा. पाच-सहा राहिले तर दाणे चांगले आहेत. पंधरा-वीस राहिले तर ते सुकलेले आहेत असे धरून चाला. अशा वेळी अर्धा किलो दाणे घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत घ्यावेत, त्यांत दोन छोटे चमचे, म्हणजे साधारण १० मिलिलिटर पाणी घालावे, बरणी खूप हलवावी आणि सावलीत ठेवावी. पहिल्या दिवशी चार-पाच वेळा आणि मग रोज दोनदा हलवत तिसऱ्या दिवशी पुन्हा १०० दाणे फोडून पाहावेत. पाणी जास्त घालण्याचा मोह आवरावा, कारण ओल्या दाण्याचे टरफल मऊ पडून तो लवकर फुटतो आणि लाही लहान, घट्ट आणि चामट होते. दाणे नेहमी हवाबंद ठेवावेत, पण फ्रिजमध्ये ठेवण्याची गरज नाही; तिथली हवाही कोरडीच असते.

आता आच. २०१५ मध्ये एमान्युएल व्हिरो आणि अलेक्झांद्र पोनोमारेन्को या फ्रान्समधील दोन संशोधकांनी दाणे वेगवेगळ्या तापमानांना तापवून पाहिले, तेव्हा १७० अंश सेल्सिअसला जेमतेम एक तृतीयांश दाणे फुटले आणि १८० अंशांना जवळजवळ सगळे फुटले. दहा अंशांचा एवढा फरक पडतो हे वाचले तेव्हा मला माझ्याच कितीतरी घाण्यांचा उलगडा झाला. मंद आचेवर रेंगाळत ठेवलेला दाणा १७० च्या आसपास घुटमळतो, देठाकडच्या बाजूने वाफ झिरपत राहते आणि तो फुटण्याआधीच कोरडा होतो. उलट अतिशय मोठ्या आचेवर बाहेरचा भाग तापतो, मधला कच्चा राहतो आणि लाही अर्धवट उमलते. मध्यम आचेपेक्षा किंचित मोठी आच योग्य असते. मी तेलात आधी तीन दाणे टाकते. तिन्ही फुटले की बाकीचे सगळे दाणे घालून पातेले अर्धा मिनिट आचेवरून बाजूला धरते आणि मग पुन्हा ठेवते. या अर्ध्या मिनिटात सगळे दाणे सारखे तापतात, त्यामुळे पुढे ते एका लयीत, एकदमच फुटायला लागतात. साखरेच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे, कारण फुटण्याचा काळ जितका आखूड, तितकी साखर जळण्याची भीती कमी.

तेल लाकडी घाण्यावर काढलेले न घेता रिफाइंड घ्यावे. शेंगदाण्याचे किंवा करडईचे घाण्याचे तेल चवीला उत्तम असते, भाकरीबरोबरच्या चटणीवर मी तेच घेते, पण दाणा फुटण्याआधीच ते धुरायला लागते आणि तो धुरकट वास लाहीत उतरतो. साजूक तुपात फोडायचे असेल तर तूप नीट गाळलेले हवे. बेरीचे कण राहिले तर ते करपतात. लोणी किंवा बटर मात्र फोडण्यासाठीही नको आणि वरून ओतण्यासाठीही नको, कारण त्यात पाणी असते. लाही पाणी लगेच शोषते आणि जिथे थेंब पडला तिथे आकसून बसते. बटरची चव हवी असेल तर ते कढवून, त्यातले पाणी उडवून मगच वापरावे, म्हणजे एका अर्थी त्याचे तूपच करून.

भांडे निवडताना पातळ स्टीलचे पातेले टाळावे. त्यात ज्योतीच्या बरोबर वर एक तापलेला डाग तयार होतो आणि साखर तिथेच जळते. आपले पातेले दोन्ही वेळा काळे झाले त्यामागे हे कारण असण्याची शक्यता मला फार वाटते. पुष्कळ घरी पॉपकॉर्न कुकरमध्ये करतात. कुकर जाड असल्याने चांगलाच, पण झाकण लावून घट्ट बंद कधीही करू नये. रिंग आणि शिट्टी काढून झाकण नुसते वर टेकवावे.

झाकणाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण लाह्या मऊ पडण्याचे मूळ तिथे आहे. १०० ग्रॅम दाण्यांत साधारण १४ ग्रॅम पाणी असते, म्हणजे जवळपास एक मोठा चमचा. दाणे फुटतात तेव्हा त्यातले बरेचसे पाणी वाफ होऊन बाहेर येते. झाकण घट्ट असेल तर ती वाफ झाकणाला लागून पुन्हा लाह्यांवर ठिबकते. म्हणून झाकण बोटभर तिरके ठेवावे किंवा त्याच्याऐवजी गव्हाची चाळण पालथी घालावी. चाळणीतून वाफ जाते आणि लाह्या बाहेर उडत नाहीत. भट्टीवर लाह्या फोडणारे लोक वरून फडके धरतात त्यामागेही हाच विचार आहे. घाणा झाला की लाह्या क्षणभरही पातेल्यात न ठेवता मोठ्या परातीत पसराव्यात. मी गड्ड्यासाठी पहिल्या वर्षी पॉपकॉर्न केले तेव्हा घाई होती म्हणून गरम लाह्याच प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून तोंडे बांधली. दुपारी कुरकुरीत असलेला माल संध्याकाळी दिवे लागेपर्यंत मऊ झाला आणि मला तो सगळा परत घ्यावा लागला. तेव्हापासून लाही हाताला पूर्ण गार लागल्याशिवाय मी पिशवी उघडतही नाही.

आता गोड-खारट करण्याकडे वळते. हे करण्याच्या तीन रीती मी वापरते आणि तिन्हींचे फळ वेगळे असते.

पहिली रीत एकाच पातेल्यात साखर आणि दाणे फोडण्याची. आपण हीच करत असाव्यात असे वाटते, आणि तिन्हींत अवघड हीच आहे. अडचण अशी की दाण्याला १८० अंश हवेत आणि साखर १६० च्या पुढेच तांबूस व्हायला लागते, त्यानंतर कडवट व्हायला तिला फार वेळ लागत नाही. म्हणजे दाण्याची गरज आणि साखरेची सोसण्याची हद्द एकमेकींना ओलांडून जातात, आणि आपल्याला त्या मधल्या मिनिटाभराच्या काळात काम उरकायचे असते. साखर सुरुवातीलाच तेलात घातली तर दाणे तापेपर्यंतच तिचा जीव जातो. मी १०० ग्रॅम दाण्यांना तीन मोठे चमचे तेल घेते. वर सांगितल्याप्रमाणे दाणे तापवून पातेले आचेवर परत ठेवते आणि पहिले दोन-चार दाणे फुटले की लगेच तीन मोठे चमचे साखर आणि पाव छोटा चमचा बारीक मीठ घालते, एकदा झाऱ्याने भरभर ढवळते, झाकते आणि तिथून पुढे पातेले एका जागी राहू देत नाही. दोन्ही कानांना जाड फडके धरून तीन-चार सेकंद ठेवायचे, उचलून गोल हिसका द्यायचा, पुन्हा ठेवायचे. फुटण्याचा आवाज विरळ झाला, दोन आवाजांमध्ये साधारण एक-दीड सेकंद जायला लागला, की थांबायचे आणि सगळे परातीत ओतायचे. शेवटचे दहा दाणे फुटावेत म्हणून थांबलो तर त्या दहा दाण्यांपायी पूर्ण घाणा कडू होतो. साखरेच्या घाण्यात गणंग थोडे जास्त राहणारच, ते मान्य करावे.

साखर साधी दाणेदार चालते, मिक्सरमधून एकदा फिरवून रव्याइतकी बारीक केली तर अधिक चांगली, कारण ती सारखी आणि लवकर वितळते. दुकानातली आयसिंगची साखर मात्र घेऊ नये. तिच्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून स्टार्च मिसळलेला असतो आणि तो तेलात करपतो. गूळ या रीतीला अजिबात चालत नाही. त्यात ओलावाही असतो आणि साखरेपेक्षा लवकर काळे पडणारे घटकही असतात.

मिठाबद्दल आपली तक्रार रास्त आहे, आणि तिचे उत्तर मिक्सरच्या लहान भांड्यात आहे. नेहमीच्या मिठाचा कण लाहीच्या खडबडीत अंगावरून घरंगळण्याइतका जड असतो. तेच मीठ कोरड्या भांड्यात मिनिटभर फिरवून पिठासारखे केले की ते लाहीच्या खोबणीत अडकते, जिभेवर पटकन विरघळते आणि कमी मिठात अधिक खारट लागते. साखरेच्या घाण्यात ते पातेल्यातून काढल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात, साखरेचा थर चिकट असतानाच, गाळणीतून भुरभुरवावे आणि परातीला हिसके द्यावेत. एक मिनिट उशीर झाला की थर कडक होतो आणि मग कितीही मीठ घातले तरी ते परातीतच राहते. मिठाचा अर्धा भाग आधी साखरेबरोबर आणि अर्धा शेवटी घालण्याचे कारण असे की आधीचा भाग गोडीला धार आणतो आणि शेवटचा भाग लाही जिभेला लागताच आधी कळतो. १०० ग्रॅम दाण्यांना दोन्ही मिळून अर्धा छोटा चमचा मीठ मला पुरेसे वाटते.

दुसरी रीत मी आपल्याला वाढदिवसासाठी सुचवेन. तिच्यात दोन घाणे वेगवेगळे करायचे. एक घाणा वरच्या रीतीने फक्त साखरेचा, दुसरा फक्त मिठाचा. मिठाच्या घाण्यात दाणे साधे फोडायचे, परातीत काढून त्यांवर एक मोठा चमचा कोमट, पातळ साजूक तूप चमच्याने धार न धरता शिंपडायचे, हाताने हलके वरखाली करायचे आणि मग बारीक मीठ भुरभुरवायचे. तूप आधी आणि मीठ नंतर, हा क्रम उलटा करू नये. मीठ आधी घातले तर ते खाली जाते आणि वरून पडणारे तूप त्याला तिथेच धरून ठेवते. दोन्ही घाणे गार झाले की दोन भाग गोड आणि एक भाग खारट असे एकत्र कालवावेत. प्रत्येक घासात दोन्ही चवी येतात पण एकमेकींत विरघळत नाहीत, आणि एखादा घाणा बिघडला तरी सगळे वाया जात नाही. चवीच्या दृष्टीनेही मुलांना ही रीत अधिक आवडते असा माझा अनुभव आहे, कारण पुढची लाही गोड निघेल की खारट हे त्यांना माहीत नसते.

तिसरी रीत पाकाची. ही वेळखाऊ आहे, पण तिचे पॉपकॉर्न सर्वांत जास्त टिकतात आणि साखर जळण्याचे भय जवळजवळ राहत नाही, कारण दाणे फोडणे आणि साखर शिजवणे ही दोन कामे वेगळी होतात. १०० ग्रॅम दाण्यांच्या लाह्या करून, गणंग चाळून, मोठ्या कढईत कोमट ठेवाव्यात. दुसऱ्या जाड पातेल्यात १०० ग्रॅम साखर किंवा चिक्कीचा गूळ, दोन मोठे चमचे साजूक तूप, दोन मोठे चमचे पाणी आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून मध्यम आचेवर पाक करावा. इथे मीठ आधीच घालायचे, कारण पाकात पाणी असल्याने ते विरघळून सगळीकडे सारखे पसरते. पाक चिक्कीइतका कडक हवा. गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकला आणि तो बोटांत वाकला तर पाक कच्चा आहे; काचेसारखा कट्‌कन तुटला की झाला. थर्मामीटर असल्यास तो सुमारे १५० अंश दाखवतो. आच बंद करून पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून ढवळावे. पाक फेसाळून दुप्पट होतो, रंग सोनेरी तांबूस होतो, आणि आत सूक्ष्म बुडबुडे राहिल्याने थर दाताला काचेसारखा न लागता खुसखुशीत लागतो. तो लगेच लाह्यांवर ओतून दोन उलथन्यांनी खालून वर कालवावे, मग कढई अगदी मंद आचेवर ठेवून चार-पाच मिनिटे परतावे म्हणजे उरलेला ओलावा निघून जातो. ओव्हन असेल तर १२० अंशांवर वीस मिनिटे, मध्ये दोनदा हलवून, हे काम अधिक चांगले होते.

पाकात लिंबू पिळण्याचा किंवा लिंबूसत्त्व घालण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. लाडवाच्या पाकात साखर परत दाणेदार होऊ नये म्हणून ते ठीक आहे, पण आंबटामुळे साखरेचे काही अंशी विघटन होऊन जे तयार होते ते हवेतले पाणी ओढून घेते आणि लाह्या चिकट होतात. गुळात हे घटक मुळातच असतात, म्हणून गुळाचे पॉपकॉर्न चवीला सरस असले तरी पावसाळ्यात साखरेच्यापेक्षा लवकर ओलावतात. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सोलापूरची कोरडी हवा आपल्याला साथ देते. तेव्हा गूळ बेधडक वापरावा.

या तिन्हींतला फरक पुन्हा एकदा ध्यानात घ्यावा: एकाच पातेल्यातली रीत झटपट पण हाताला सराव मागणारी, दोन घाण्यांची रीत खात्रीची, आणि पाकाची रीत टिकाऊ. पाकाच्या रीतीचा आणखी एक लाभ आपल्या गावच्या माणसाला सांगितल्यावाचून मला राहवत नाही. आपली सोलापुरी शेंगदाण्याची चटणी साध्या लाह्यांवर घातली तर टिकत नाही, कारण ती तेलकट आणि जड असते. तिचे गोळे तळाशी जमतात. पण पाक लावलेल्या लाह्या अजून गरम आणि चिकट असताना दोन मोठे चमचे चटणी वरून मोकळी करून घातली तर ती त्या थरातच बसते, आणि गुळाची गोडी, मीठ, लसूण आणि तिखट यांची जी चव होते ती कोणत्याही पाकिटात मिळत नाही. त्या वेळी पाकातले मीठ निम्मे करावे, कारण चटणीत ते असतेच. लहान मुलांसाठी हा प्रकार तिखट होईल. मोठ्यांसाठी वेगळा घाणा काढावा.

तयार पाकिटांविषयी विचारले आहे म्हणून सांगते. ती वाईट नसतात, पण त्यांतली भुकटीही तूप लावलेल्या लाहीवरच बसते आणि बहुतेकांत मीठ आधीच भरपूर असते. वापरायची असतील तर वरून मीठ घालू नये.

आता आपल्या तीस मुलांचा हिशेब. १०० ग्रॅम दाण्यांच्या साधारण साडेतीन लिटर लाह्या होतात. प्रत्येक मुलाला मोठा द्रोण भरून द्यायचा तर ६०० ग्रॅम दाणे लागतील, म्हणजे सहा घाणे: चार गोड, दोन खारट. घाणा मोठा करून वेळ वाचवण्याचा प्रयत्न करू नये; लाह्यांनी पातेले काठोकाठ भरले की खालची साखर वरच्या लाह्यांपर्यंत पोचत नाही आणि खालीच जळते. एका घाण्याला सहा-सात मिनिटे धरली आणि गोड घाण्यानंतर पातेले धुऊन पूर्ण कोरडे करण्याचा वेळ मिळवला, तर सव्वा तासात काम आटोपते. म्हणून आधी दोन्ही खारट घाणे काढावेत, मग गोड, म्हणजे पातेले मध्ये धुण्याची एक खेप वाचते. धुतलेल्या पातेल्यात पाण्याचा थेंब राहू देऊ नये, कारण तापलेल्या तेलात तो उडतो. गोड घाणे चालू असताना मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवावे. वितळलेली साखर कातडीला चिकटून राहते आणि उकळत्या पाण्यापेक्षा खोल भाजते. पाहुण्यांत चार वर्षांखालचे कोणी असेल तर त्याला पॉपकॉर्न देऊ नये, लाहीचा तुकडा किंवा गणंग श्वासनलिकेत अडकण्याचा धोका त्या वयात खरा असतो. त्यांच्यासाठी केळे किंवा मऊ शिरा ठेवावा.

कार्यक्रम संध्याकाळी असेल तर सकाळी दहाच्या सुमारास सुरुवात करावी, प्रत्येक घाणा परातीत अर्धा तास पंख्याखाली गार करावा, मोठ्या छिद्रांच्या चाळणीवर हलवून गणंग खाली पाडावेत आणि मगच गोड व खारट वेगवेगळ्या स्टीलच्या डब्यांत, घट्ट झाकण लावून भरावेत. दोन्ही एकत्र कालवण्याचे काम मुले आल्यावर, द्रोण भरण्याच्या आधी पाच मिनिटे करावे. त्याआधीच्या आठवड्यात १०० दाण्यांची परीक्षा तेवढी करून घ्या. दाणे सुकलेले निघाले तर बरणीत पाणी घालून ठेवायला आपल्या हाताशी तीन दिवस असायला हवेत.